डमीवरच्या टाचण्या

मापं घेताना आम्ही ब्लाउजवाल्या एकच हात मोजतो. उजवा. बाहीची लांबी, दंडघेर, मुंढा, सगळं उजव्याचं घ्यायचं आणि डावी बाही त्याच कागदावरून कापायची. ठाण्यात नौपाड्यात माझं छोटं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. ज्या मास्तरांकडे मी शिकले ते एकच हात मोजायचे, त्यांच्या मास्तरांनीही तेच केलं असणार. देवाने दोन्ही हात सारखे दिलेत हे आमच्या धंद्यात गृहीतच आहे. माझी ही सवय गेल्या वर्षी मोडली. ती कशी मोडली हे सांगायचं तर माझ्या बोटात घुसलेल्या सुईपासून सुरुवात करावी लागेल.

श्रावणाचा शेवटचा आठवडा होता. गौरींच्या साड्यांवरचे ब्लाउज म्हणजे आमची परीक्षाच. जरीचा जाड काठ, त्याखाली अस्तर, त्यात पायपिन, आणि मशीनला सोळा नंबरची सुई. समोर बसलेल्या बाईंना 'उद्या नक्की' असं खोटं सांगत होते, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची तर्जनी सुईखाली गेली. नखातून आरपार. मशीनचं चाक हाताने उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट सोडवलं, हळद दाबली, चिकटपट्टी गुंडाळली आणि उरलेली शिलाई मारली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. एवढं केलं म्हणजे झालं असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खिळ्याचा कागद काढायला हात वर केला आणि काखेत कळ आली. चाचपून बघितलं तर आत जांभळाएवढी गाठ. दाबली की दुखत होती, बोटाने ढकलली की जरा सरकत होती. आणि मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने एक लाल रेघ, अगदी आम्ही कापडावर खडूने मारतो तशी.

आई वाईला असते. तिला फोन केला. मी पुढचं सांगायच्या आत म्हणाली, "अवधाण आलंय. हाताला लागलं की काखेत, पायाला लागलं की जांघेत. शेतात काटा मोडला की आम्हाला यायचंच. पण रेघ उठलीये म्हणतेस ना, मग शेकत बसू नको, डॉक्टरकडे जा." आई चौथी शिकलेली. तिच्या त्या एका वाक्यात किती शरीरशास्त्र होतं हे मला पुढे कळलं.

मी तिला विचारलं होतं, काखमांजरी तर नसेल? काखमांजरी मला एकदा झाली होती, ती वेगळी. ती कातडीतला फोड असते, वर लाल होते, तोंड धरते, फुटते. अवधाण कातडीच्या खाली असतं, वरची कातडी त्याच्यावरून सरकते. डॉक्टरांनी बोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "लिंफ नोड सुजलाय, अंगातलं पाणी गाळणारी छोटी गाठ असते ती. आणि ही रेघ अशीच वर चढू दिली असती ना बाई, तर गणपती हॉस्पिटलात बसवले असते." सात दिवसांच्या गोळ्या. रेघ दोन दिवसांत गेली, गाठ विरायला दोन-तीन आठवडे लागले.

माझी भाची फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सणाच्या दिवसांत रविवारी हुका लावायला येते, म्हणजे निम्मा वेळ हुका लावते आणि निम्मा वेळ मला शिकवते. काखेतली गाठ दाखवली तशी तिच्यातली मास्तरीण जागी झाली. माझ्या दुकानात एक कापडी डमी आहे, आत फोम भरलेली. डोकं नाही, हात नाहीत, कमरेखाली थोडं जाऊन लोखंडी दांडा. तिने रंगीत डोक्याच्या टाचण्यांची डबी उचलली आणि म्हणाली, "मावशी, थांब, हे लिंफ नोड कुठे कुठे असतात ते दाखवते."

पहिल्या टाचण्या मानेला. जबड्याच्या खाली, हनुवटीच्या खाली, मग मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत रांग. कानापुढे, कानामागे आणि डोक्याच्या मागच्या उतारावरही असतात, पण डमीला डोकं नसल्यामुळे त्या तिने माझ्या डोक्यावर बोट टेकवून दाखवल्या. सबंध शरीरात या गाठी ५०० ते ८०० च्या दरम्यान असतात, पुस्तकागणिक आकडा हलतो, पण त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश एकट्या मानेत. साहजिक आहे. तोंड, नाक, घसा, दात, येणारं जाणारं सगळं इथूनच आत शिरतं.

डोक्यामागच्या गाठींवरून मला जुनी गोष्ट आठवली. माझी मुलगी दुसरीत असताना वेणी घालताना मला तिच्या मानेच्या वर, केसांच्या मुळाशी दोन-तीन दाणे लागले. माझा जीव खाली-वर. शेजारणीने 'गंडमाळ असेल' म्हणून त्यात तेल ओतलं. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींची माळ, आणि ती बऱ्याचदा क्षयाची असते हे तेव्हा मला माहीत होतं, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांनी गाठींकडे बघितलंच नाही. केस बाजूला केले, टाळूवरची खाजवून झालेली जखम बघितली आणि मला म्हणाले, "आधी उवा काढा." त्या दिवशी रिक्षात मी मुलीशी बोलले नाही. लाज मला वाटायला हवी होती, राग तिच्यावर काढला.

दुसऱ्या टाचण्या काखेत. इथे भाचीपेक्षा मलाच जास्त समजलं. मुंढा कापताना आम्ही पुढचा बाक खोल घेतो, मागचा उथळ. पुढे छातीचा स्नायू, मागे पाठीचा, आणि मधे खळगा. टाचण्या तशाच लागल्या: काही पुढच्या घडीच्या मागे, काही मागच्या घडीपाशी, काही दंडाच्या शिरेला धरून, काही मधल्या चरबीत, आणि शेवटच्या पार वर, गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने. एका काखेत वीस ते चाळीस. जुन्या पद्धतीच्या बाराबंदीला, झब्ब्याला काखेत एक चौकोनी तुकडा घालत. आमचे मास्तर त्याला चौबगला म्हणायचे. नेमका त्या चौबगल्याखाली हा सगळा कारभार.

तिसऱ्या टाचण्या जांघेत, म्हणजे डमीच्या खालच्या काठावर. पायांचं सगळं पाणी तिथे येतं. आणि भाचीने खडूने डमीच्या पोटावर बेंबीतून एक आडवी रेघ मारली, जिथे आपण परकराची नाडी बांधतो साधारण तिथे. म्हणाली, कातडीपुरतं बोलायचं तर या रेघेच्या वरचं काखेत जातं, खालचं जांघेत. मला हे फार आवडलं. इतकी वर्षं मी नाडीची पट्टी शिवते, ती पाणलोटाची हद्द आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने उरलेल्या टाचण्या पोटात आणि छातीत खुपसल्या, फोम निमूट घेत होता. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात शंभरावर, श्वासनळी जिथे दुभंगते तिथे घोळका, पाठीच्या कण्यापुढे मोठ्या रक्तवाहिनीला लगटून रांग. त्या हाताला लागत नाहीत, तपासणीतच दिसतात. कोपराच्या आतल्या बाजूला एक-दोन असतात. तिने माझा कोपर दाबून सांगितलं, "सुई करंगळीत गेली असती तर गाठ इथेही आली असती. तर्जनीचं पाणी सहसा इथे न थांबता वर जातं." गुडघ्याच्या मागे मोजक्या. तळहातात, तळपायात नाहीतच.

डबी संपली. मी चहा टाकायला उठले आणि दारातून डमीकडे बघितलं. डमी कुठे कुठे संपते? मान कापली आहे तिथे, हात कापले आहेत तिथे, मांड्या कापल्या आहेत तिथे. आणि टाचण्यांचे गुच्छ नेमके त्याच काठांवर. आम्ही जिथे जोड देतो, गळा, मुंढा, आसन, तिथेच शरीरानेही आपले पहारेकरी बसवलेत. भाचीला म्हटलं तर म्हणाली, "हो, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क देणार नाहीत."

शाळेत या गाठींना लसिका ग्रंथी म्हणायचे. ग्रंथी म्हटलं की काहीतरी स्रवणारी असं वाटतं, या काही स्रवत नाहीत. गाळतात. पण लसिका शब्द चांगला आहे, कारण जखमेतून रक्त थांबल्यावर जे पिवळट पाणी येतं त्याला आपण लसच म्हणतो. टोचायची ती लसही तिथूनच आली असावी असं मला आपलं वाटतं. देवीची लस म्हणजे वासराच्या अंगावरच्या फोडातलं पाणीच असायचं. २०२१ साली कोविडची लस घेतल्यावर किती बायका ब्लाउज ट्राय करताना 'काखेत गाठ आलीये हो' म्हणाल्या होत्या. टोचलेल्या हाताच्याच काखेत यायची आणि जायची.

आईच्या 'पायाला लागलं की जांघेत' वरून आणखी एक. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. पिसवा चावायच्या त्या बहुतेक पायाला, म्हणून गाठ बहुधा जांघेत उठायची. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना गेल्या. आजीच्या तोंडी 'तुला गाठ येवो' ही शिवी होती. आम्ही लहानपणी ती हसत हसत एकमेकींना द्यायचो.

चहा पिताना भाची सहज पुढे बोलत होती. रक्तातून पाणी झिरपून मांसात येतं, त्यातलं दिवसाला दोन ते चार लिटर लसिकेच्या बारीक नळ्या उचलतात, गाठींमधून गाळतात आणि गळपट्टीच्या हाडामागे परत शिरेत सोडतात. त्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. नळ्या स्वतः थोड्या आकसतात, बाकी काम आपल्या हलण्याने होतं, आणि आत पडदे असतात म्हणून पाणी मागे फिरत नाही. गंमत म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. उजवा हात, उजवी छाती आणि डोक्याची उजवी बाजू एवढंच उजवीकडे जातं. दोन्ही पाय, सगळं पोट, डावा हात, सगळं डावीकडे. म्हणून डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ लागली तर डॉक्टर आधी पोटाची चौकशी करतात.

"आणि काखेतल्या या काढून टाकल्या," ती टाचण्या उपटत म्हणाली, "तर हात सुजतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणींचा. कधी लगेच, कधी दोन-चार वर्षांनी. आम्हाला हल्ली तेच शिकवतायत."

माझा चहा तसाच राहिला. मी वही काढली.

एक काकू आहेत, २००९ पासून माझ्याकडे येतात. घंटाळीच्या बाजूला राहतात. दंडघेर २००९ मध्ये साडेदहा, २०१६ मध्ये अकरा, नंतर सव्वाअकरा. दोन वर्षांपूर्वी त्यांचं डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. काखही 'साफ' केली होती, त्यांचाच शब्द. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाही काचते गं जरा." मी दोन्ही बाह्यांची पाव-पाव इंच शिलाई सोडली. चार महिन्यांनी परत, "अजून काचते." मी परत दोन्ही अर्धा इंच सोडल्या. ब्लाउज न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता उजवी ढगळ झालीये बघ, पण असू दे."

उजवी ढगळ झालीये. हे वाक्य मी ऐकलं होतं आणि हुका मोजत बसले होते. मनात आलं ते एवढंच की काकू जाड झाल्या. अठ्ठावीस वर्षं बायकांची अंगं मोजणारी मी, आणि कोणती बाही काचते एवढंसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना 'फॉल-बिडिंग झालंय, या' म्हणून बोलावलं. टेप आधी उजव्या दंडाला: सव्वाअकरा. मग डाव्या: पावणेतेरा. भाची बाजूला उभी होती. तिने नंतर सांगितलं की दोन हातांत कुठेही २ सेंटिमीटरचा फरक पडला तर तपासायचं असतं. २ सेंटिमीटर म्हणजे पाऊण इंच. आमच्याकडे पाऊण इंच म्हणजे एका बाजूची मार्जिन. काकूंचा फरक त्याच्या दुप्पट होता. डाव्या हातातली पाटली त्यांनी केव्हाच काढून ठेवली होती. "उकाड्याने हात सुजतो गं," म्हणाल्या. एकच हात कसा सुजेल उकाड्याने? पण हे त्यांनाही सुचलं नव्हतं, मलाही नाही.

ऑपरेशन झालं तिथे कुणी सांगितलं होतं का, असं मी विचारलं. "सांगितलं असेल. एक कागदही दिला होता. पण कॅन्सर म्हटल्यानंतर पुढचं मला काही ऐकूच आलं नाही." कागद इंग्रजीत होता, तो फायलीत होता, आणि फाईल माळ्यावर. मला त्या कागदाचा राग आला. पन्नास वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला एवढंच मराठीत सांगायचं होतं की या हाताला भाजू देऊ नका, चिरू देऊ नका, सुई टोचून घेऊ नका, आणि फुगला तर लगेच या.

भाचीने त्यांना आधी त्यांच्या सर्जनकडेच पाठवलं. सूज नुसती पाण्याचीच आहे, आजार परतलेला नाही, शिरेत गुठळी नाही, हे बघितल्याशिवाय पुढचं करायचं नाही असं तिचं म्हणणं. ते सगळं ठीक निघालं. मग फिजिओथेरपी. मी एकदा बरोबर गेले आणि थक्क झाले. तिथल्या बाईंनी काकूंच्या मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनाने खूण केली आणि प्रत्येक खुणेवर टेप फिरवली. अगदी आमचीच टेप, पिवळी. दोन्ही हातांची मापं, एकाखाली एक. मग मालिश, पण इतका हलका की मी कापडावरून सुरकुती काढते त्याहून हलका. मग बँडेजचे थर, बोटांपासून वर. तीन आठवडे रोज. त्यानंतर अंगाच्या रंगाची एक घट्ट बाही, मनगटाशी सगळ्यांत आवळ, वर जाईल तशी सैल.

ती बाही मी हातात घेऊन उलटसुलट केली. आमच्या ब्लाउजची बाही याच्या अगदी उलट असते. वर मुंढ्याशी ऐसपैस आणि खाली दंडावर पायपिन घालून आवळलेली, दोरी बांधल्यासारखी. सुजणाऱ्या हाताला याहून वाईट कपडा शोधून सापडणार नाही.

हत्तीपायाचं गणितही हेच, तिथे याच नळ्यांमध्ये किडे जाऊन बसतात. डासांमधून येतात. त्याची रक्त तपासणी रात्री करतात, कारण त्यांची पिल्लं रात्री रक्तात हिंडतात. माझ्या माहेरच्या गावात एक म्हातारे होते तसे, त्यांच्या पायाला आम्ही पोरं भ्यायचो.

आता नव्या ऑपरेशनांत म्हणे सरसकट काख साफ करत नाहीत. स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीजवळ निळा रंग टोचतात, तो ज्या पहिल्या एक-दोन लिंफ नोडमध्ये पोचतो तेवढेच काढून तपासतात. ते स्वच्छ निघाले तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. नवीन कापडाचा रंग जातो का हे बघायला आम्ही एक कोपराच भिजवतो, अख्खं कापड नाही. पण ते प्रत्येकीला चालतंच असं नाही, आणि काकूंना का चाललं नाही हे त्यांचे डॉक्टर जाणोत.

काकूंचा हात आता साडेअकराच्या आसपास असतो. पूर्ण उतरत नाही, आणि पूर्ण उतरणारही नाही, हे त्यांना सांगितलेलं आहे. बाही रोज घालतात. कणीक दोन्ही हातांनी मळतात, कारण हालचाल चांगली. बीपी उजव्या हातावर घ्यायला सांगतात. भाजी चिरताना रबरी मोजा घालतात, 'डॉक्टरीण झाले' म्हणून स्वतःच हसतात.

माझ्या दुकानात लोक आता गाठी दाखवायला येतात, हे मात्र वाढीव झालंय. परवा एका बाईने जांघेतला वाटाण्याएवढा दाणा सांगितला. जांघेत बऱ्याच जणांना एखादा छोटा दाणा कायमच लागतो. मी भाचीचं ऐकून एवढंच सांगते: दुखरी, सरकणारी, आणि त्या बाजूला कुठेतरी जखम किंवा घशाचं दुखणं असलेली गाठ बहुतेक वेळा स्वतःच विरते. तीन-चार आठवड्यांत गेली नाही, वाढत चालली, खड्यासारखी कडक आहे, हलत नाही, किंवा गळपट्टीच्या हाडावर आहे, बरोबर रोजचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल, तर मला कशाला दाखवता? मी शिंपीण. डॉक्टरकडे जा. क्षयाची निघाली तरी साधारण सहा महिन्यांची औषधं असतात आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण लग्नाच्या मुली अजून लपवतात.

काकूंचे खाकी कागद मी खिळ्यावर वेगळे लावलेत. दोन बाह्या, दोन कागद. एकावर 'उ', एकावर 'डा'. डाव्या बाहीला पायपिन नाही, तळाशी नुसती रुंद हात-शिलाई, आणि आत एक इंच जादा मार्जिन. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. त्यात माझी थोडी शेखी आहे, ती मला मान्य आहे.

मागच्या आठवड्यात मार्गशीर्षातल्या लग्नाची एक मुलगी आली होती, वर्तकनगरची. सहा ब्लाउज. उजवा हात झाल्यावर मी टेप डावीकडे नेली.

"दोन्ही कशाला, ताई?"

"सवय," म्हटलं. उजवा साडेदहा, डावा सव्वादहा.

"अय्या, सारखे नाहीत?" तिने दोन्ही दंड आरशात वळवून बघितले.

मी वहीत दोन्ही लिहिले.